मुलाला शू-शीची सवय लावताना: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या आयांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अनगोळमध्ये माझी छोटी बालवाडी आहे. दर जूनला अडीच-तीन वर्षांची पोरं येतात आणि पहिल्या पंधरवड्यात त्यांच्या आया, आज्ज्या, कधी एखादे बाबाही, दारात चपला घालता घालता आवाज खाली आणून हाच विषय काढतात. हळू आवाजात विचारावं लागतं याचंच मला वाईट वाटतं. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. शू-शीच्या बाबतीत खरोखर हट्टी पोरगं मी फार क्वचित पाहिलं. बहुतेकांना दुखत असतं, नाहीतर भीती वाटत असते, नाहीतर सांगायला शब्द नसतो. खालची उत्तरं त्या अनुभवातून आणि बालरोगतज्ज्ञांना वेळोवेळी विचारून घेतलेल्या माहितीतून लिहिली आहेत.

मुलगा दोन वर्षांचा झाला. शेजारची मुलगी दीड वर्षाची असतानाच सांगायला लागली. याला उशीर झालाय का?

नाही. बहुतेक मुलं १८ महिने ते ३ वर्षं या काळात केव्हातरी तयार होतात आणि मुलगे सरासरीनं मुलींपेक्षा काही महिने मागे असतात. दिवसा पूर्ण कोरडं राहायला साडेतीन वर्षं लागली तरी तो आजार नव्हे. शेजारच्या मुलीचं नाव त्याच्यापुढे मात्र घेऊ नका. त्याला बोलता येत नसलं तरी तुलना कळते.

सुरुवात करायची वेळ झाली हे कशावरून ओळखायचं?

दीड-दोन तास चड्डी कोरडी राहायला लागली, "चप्पल आण" म्हटलं की आणतो, इलॅस्टिकची चड्डी खाली ओढता येते, ओलं झालं की "काढ" म्हणतो. यातलं बरंचसं दिसत असेल तर सुरू करा. पण माझ्या मते सगळ्यात मोलाची खूण वेगळीच आहे. खेळता खेळता तो एकदम गप्प होतो, दिवाणाचा कोपरा धरून उभा राहतो किंवा पडद्यामागे जातो, चेहरा लाल होतो. म्हणजे शी येतेय हे त्याला आतून कळायला लागलंय. ज्याला कळतं त्याला सांगायला शिकवता येतं.

घरात नुकतं बाळ झालंय, घर बदललंय, अंगावरचं दूध तोडणं चाललंय किंवा तो तापातून उठलाय, अशा वेळी महिनाभर थांबा.

सासूबाई म्हणतात, "आमी सा म्हयन्यातच पायावर बसवून सवय लावत होतो की." खरं आहे का?

खरं आहे, आणि त्यांची पद्धत चांगलीच आहे. आज्जी पाय लांब करून बसते, बाळाला आपल्या दोन पावलांवर उकिडवं बसवते आणि तोंडानं "शूऽऽ" असा आवाज काढते. बाळाला त्या आवाजाची आणि त्या बैठकीची ओळख होते. आज्जीलाही त्याच्या वेळा पाठ होतात, उठल्याबरोबर, दूध प्याल्यावर. उकिडव्या बैठकीत शी सहज बाहेर येते, आणि अशा बाळाला 'लंगोट म्हणजेच संडास' असं कधी वाटत नाही.

पण तान्ह्या बाळाचं मूत्राशय भरलं की आपोआप रिकामं होतं. आवरून धरणं आणि मोठ्यांना सांगणं हे दीड-दोन वर्षांनंतर जमतं, आणि ते त्याच्यासाठी पूर्ण नवं शिक्षण असतं. म्हणून "तान्हा होता तेव्हा करायचा, आता मुद्दाम करत नाही" असं म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे. त्याच आज्जीला हाताशी घ्या. तिच्याइतका धीर कुणाकडे नसतो.

पॉटी आणायची, संडासात बसवायचं की मोरीत?

आमच्याकडे शहापूर-वडगावच्या जुन्या घरांत संडास परसात असतो. एकच दिवा, सिमेंटची ओली फरशी आणि मध्ये ते भोक. दोन वर्षांच्या मुलाच्या उंचीवर खाली बसून एकदा त्या संडासाकडे बघा. त्याचे पाय त्या दोन पायठशांवर पुरत नाहीत, तोल जातो, आत पडू असं त्याला खरंच वाटतं. त्यात पाण्याचा मोठा आवाज. अशा जागी तो रडला तर ती भीती आहे, नाटक नव्हे.

प्लास्टिकची बुटकी पॉटी खडेबाजारात सहज मिळते. तळ रुंद असलेली, बसल्यावर पाय पूर्ण जमिनीला टेकतील अशी घ्या. पहिले काही दिवस ती त्याच्या खेळण्याच्या जागेजवळ ठेवा, कपडे घालूनच बसू दे. कमोड असेल तर वर लहान मुलांची बैठक ठेवा आणि पायांखाली पाट किंवा स्टूल द्या. पाय लोंबकळत असले की जोर लावता येत नाही. गुडघे कमरेपेक्षा थोडे वर यायला हवेत. भीती गेली की साडेतीन-चारच्या सुमाराला तो स्वतः मोठ्यांच्या संडासात जायचं म्हणतो. त्या दिवसापर्यंत घाई नको.

मोरीत शू चालेल, भरपूर पाणी ओता. शी मात्र मोरीत नको. पॉटीतली शी संडासातच टाका, गटारीत किंवा शेणाच्या उकिरड्यावर नाही. "लहान पोराची शी, तिला काय होतंय" असं खेड्यात अजून ऐकू येतं. त्या शीतून मोठ्यांच्या शीसारखेच जुलाबाचे जंतू आणि जंतांची अंडी पसरतात. टाकताना त्याला दाखवा, पाणी त्याला ओतू दे, मग त्याचे आणि तुमचे हात साबणानं धुवा. हात धुणं हा सवयीचाच भाग आहे, पहिल्या दिवसापासून.

मुलगा आहे, तर उभं राहून शिकवायचं की बसून?

आधी बसून, दोन्हीसाठी. मुलग्याला शू आणि शी यांतला फरक सुरुवातीला नीट कळत नाही. शूला बसला की पुष्कळदा शीही होते. बसल्यावर त्याला नळी बोटानं खाली दाबायला शिकवा, नाहीतर धार पॉटीच्या वरून समोर जाते आणि उगाच तो बोलणी खातो. तीन-साडेतीनला बाबांना किंवा मोठ्या भावाला बघून तो आपणहून उभा राहतो.

इथे एक सांगावंसं वाटतं. मुलगा आहे म्हणून रस्त्याकडेला भिंतीकडे तोंड करून उभं करणं सोपं असतं, कुणी काही म्हणतही नाही. मला ते पटत नाही. दोन वर्षांचा असताना जी जागा त्याला दाखवाल तीच त्याला वीस वर्षांनीही जागा वाटणार आहे. घरातून निघताना शू करवून घ्या. बाहेर लागलीच तर ज्यांच्याकडे गेलाय त्यांच्या संडासात न्या.

दिवस कसा आखायचा?

उठल्याबरोबर, जेवणानंतर पंधरा ते तीस मिनिटांत, खेळायला जाण्याआधी, झोपण्याआधी. जेवल्यावर आतडी आपोआप हलतात, म्हणून शीसाठी ती वेळ सगळ्यात चांगली. एका वेळी तीन ते पाच मिनिटं पुरेत. झालं तर झालं, नाहीतर उठू दे. हातात मोबाईल देऊन अर्धा तास बसवू नका, त्यानं लक्ष शीकडे राहतच नाही. दर पंधरा मिनिटांनी "आली का? आली का?" विचारणंही नको. दोन तासांनी एकदा "चल, शूची वेळ झाली" एवढंच.

शू सांगतो, पण शी दाराच्या मागे जाऊन चड्डीतच करतो. किंवा डायपर बांधायला लावतो. काय करू?

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. माझ्या धाकट्यानं पावणेतीन वर्षांचा असताना दोन महिने असंच केलं. घरातले सगळे म्हणत होते, लाडावून ठेवलंय. मीही पहिले पंधरा दिवस रागावले. नंतर डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं तेव्हा आत घट्ट शीचे गोळे लागले. त्याला दुखत होतं, आणि मी त्याला रागावत होते.

घडतं ते असं. एखाद्या दिवशी शी घट्ट होते, बाहेर येताना दुखतं, कधी चिरही पडते. मूल ठरवतं की आता करायचीच नाही. आत राहिलेल्या शीतलं पाणी आतडं शोषून घेतं, ती आणखी घट्ट आणि मोठी होते, पुढच्या वेळी आणखी दुखतं. पाय एकमेकांत आवळून, टाचा उचलून, अंग ताठ करून तो उभा असतो तेव्हा आपल्याला वाटतं तो जोर करतोय. तो जोर लावून शी आत धरून ठेवत असतो. असं बरेच दिवस चाललं की गुदाशय ताणलं जातं, शी आल्याची जाणीवच बोथट होते आणि घट्ट शीच्या कडेनं पातळ शी झिरपून चड्डीला डाग पडतात. घरातले म्हणतात जुलाब लागले, आणि भाजी-फळं बंद करतात. नेमकं उलटं होतं.

म्हणून आधी पोट, मग पॉटी. आमच्या भागात मला दोन कारणं वारंवार दिसतात: बाटलीनं दिवसभर दूध, आणि चहा-बिस्कीट. दूध दिवसाला साधारण ५०० मिलीच्या आत आणा. पेरू (बिया काढून), पपई, पिकलेलं केळं, भिजवून कुस्करलेल्या मनुका, अंजीर, ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून, पालेभाजी, खानापूरकडे असते तशी नाचणीची आंबील. पाणी थोडं थोडं, दिवसभर. आठ-दहा दिवसांत मऊ झाली नाही तर डॉक्टरांकडे जा. ते शी मऊ करायचं औषध देतात. ते बरेचदा काही आठवडे, कधी काही महिने चालतं. "औषधाची सवय लागेल" म्हणून चार दिवसांत बंद केलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

डायपर मागत असेल तर द्या. डायपर बांधून, पण संडासाजवळ उभा राहू दे. काही दिवसांनी डायपरसकट पॉटीवर बसू दे. मग डायपर सैल. मग पॉटीत पसरून ठेवलेला. माझ्या पोराला या पायऱ्या चढायला पाच आठवडे लागले. ज्या दिवशी पहिल्यांदा पॉटीत झाली त्या दिवशी तो स्वतःच बघून थक्क झाला आणि आज्जीला हात धरून दाखवायला घेऊन आला.

विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून घालतात, साबणाची कांडी घालतात. करावं का?

करू नका. नाजूक जागी इजा होते, आणि ज्याला आधीच तिथं दुखण्याची भीती आहे त्याची भीती दुप्पट होते. एरंडेलही डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाजू नका.

घरी मराठी, अंगणवाडीत टीचर कन्नड बोलतात. तो तिथं सांगतच नाही, ओला होऊन येतो.

हा आपल्या सीमाभागाचा खास प्रश्न, आणि याचं उत्तर सोपं आहे, फक्त कुणीतरी लक्षात आणून द्यावं लागतं. पोराला येतं, पण शब्द कळत नाही. घरात आई "शू" म्हणते, आज्जी "मुतायला" म्हणते, काकी "सुसू", आणि अंगणवाडीत "उच्ची". शीला घरी "शी", तिकडे "कक्का". थोडी मोठी मुलं कन्नड शाळेत "ओंदक्क" आणि "येरडक्क" म्हणतात, म्हणजे 'एकाला' आणि 'दोनाला', आपल्या एक नंबर-दोन नंबरसारखंच.

माझ्याकडे एकदा कन्नड घरातला मुलगा नवीन आला होता. तो "ओंदक्क, ओंदक्क" म्हणत माझ्या मदतनीस बाईंच्या मागे लागला. त्या चंदगडकडच्या, कन्नड येत नाही. त्यांना वाटलं पोरगं आकडे म्हणतंय, कौतुकानं त्यांनी त्याला पुढचे आकडे विचारले. तेवढ्यात तो भिजला आणि असा रडला की मला आजही आठवतं. त्यानं दोनदा, तीनदा सांगितलं होतं. आपल्यालाच कळलं नव्हतं. त्या दिवसापासून माझ्याकडे सगळ्यांसाठी एक खूण आहे: करंगळी वर. मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी, सगळी मुलं ती दोन दिवसांत शिकतात.

तुम्हीही असंच करा. घरात सगळ्यांनी मिळून एकच शब्द ठरवा आणि आज्जी-आजोबांसकट तोच वापरा. जोडीला करंगळीची खूण. अंगणवाडीत ३ वर्षांपासून मुलं बसतात, त्याआधी पंधरा दिवस घरीच "टीचर, उच्ची" एवढं खेळात घोकून घ्या. पहिल्या दिवशी टीचरना आणि सहायिकेला सांगा की आमचा मुलगा 'शू' म्हणतो. आणि तिथला संडास त्याला तुम्ही स्वतः एकदा दाखवून आणा, कडी कुठं, पाणी कुठं. कडी आतून लावायची नाही हेही सांगा.

पावसाळ्यात सुरू करावं का?

जमलं तर फेब्रुवारी ते मे हा काळ बघा. अंगात एक बनियन, खाली उघडा, भिजलं तरी तासात वाळतं. जांबोटी-कणकुंबीकडे पाऊस एकदा लागला की महिनामहिना कपडे वाळत नाहीत. पण सुरुवात झालीच असेल तर पाऊस आला म्हणून थांबू नका. जुन्या सुती साडीच्या, धोतराच्या दहा-बारा चड्ड्या शिवून ठेवा. दमट चड्डी चढवू नका, जांघेत बुरशीचं पुरळ येतं. कपडे वाळवायला कोळशाची शेगडी बंद खोलीत पेटवू नका, तो धूर जीवघेणा असतो. थंडीत पोरं पॉटीला बसायला टाळतात ते बहुतेकदा गार पाण्याच्या धसक्यानं. धुवायला कोमट पाणी घ्या.

डायपर एकदम बंद करू का?

दिवसा घरी असताना बंद (शीसाठी डायपर मागणाऱ्याला वर सांगितलंय तसा तेवढ्यापुरता द्या), रात्री आणि प्रवासात चालेल. डायपर ओल शोषून घेतो, त्यामुळे आपण शू केली हेच त्याला कळत नाही. वापरलेला डायपर कागदात गुंडाळून कचऱ्याच्या गाडीत द्या. संडासाच्या खड्ड्यात टाकू नका, तो तिथं कुजत नाही आणि खड्डा तुंबतो.

बक्षीस द्यावं का?

टाळी, कडेवर घेणं, आजोबांना फोन करून सांगणं पुरे. कॅलेंडरवर टिकली लावायला दिलीत तरी खूश होतो. कुंदा, चॉकलेट नको. पोरं हुशार असतात, खाऊसाठी दर दहा मिनिटांनी दोन थेंब करायला लागतात. आणि ज्या दिवशी जमत नाही त्या दिवशी खाऊ न मिळणं ही शिक्षाच होते.

छान सांगत होता. धाकटी बहीण झाली आणि पुन्हा चड्डीत करायला लागला.

होतं असं. आईचे हात बाळानं घेतले, बाळाच्या ओल्या दुपट्याचं कौतुक होतं, मग तोही बाळ होऊन बघतो. "मोठा झालास ना आता" हे वाक्य काही दिवस बाजूला ठेवा. दिवसातून वीस मिनिटं फक्त त्याची, बाळ आज्जीकडे. काही आठवड्यांत मूळ पदावर येतो.

दिवसा कोरडा असतो, रात्री अंथरूण ओलं. कधी थांबेल?

रात्रीचं कोरडेपण शिकवून येत नाही. झोपेत लघवी कमी तयार करणारं संप्रेरक पुरेसं यायला लागणं, मूत्राशय मोठं होणं आणि ते भरल्यावर जाग येणं, हे सगळं शरीराच्या वेळेनं होतं. ५ वर्षांच्या वयात साधारण १०० पैकी १५ मुलं रात्री अंथरूण ओलं करतात, त्यांत मुलगे जास्त. वडिलांचं किंवा आईचं लहानपणी तसंच झालं असेल तर शक्यता वाढते. आज्जीला विचारून बघा, ती सांगेल. पाच वर्षांपर्यंत उपचाराची गरज नसते. झोपण्याआधी शू, गादीवर रबरी कापड, त्यावर जुनी चादर. दिवसा पाणी भरपूर, संध्याकाळनंतर थोडं कमी.

उलथण्याचा चटका देईन, पोलिसाला बोलावीन, इंजेक्शन देतील, असं काहीही म्हणू नका. काही घरांत चटका खरंच देतात हे मला माहीत आहे. झोपेतल्या मुलाच्या हातात काहीच नसतं. त्याला त्याबद्दल शिक्षा करणं क्रूर आहे आणि त्यानं एक रात्रही कोरडी जात नाही.

यात्रेला, कोल्हापूरला बसनं जायचं असलं की?

निघायच्या आधी शू, स्टँडवर पुन्हा. रुंद तोंडाची झाकणाची बाटली पिशवीत ठेवा, मुलग्याचं तेवढं सोपं असतं. सौंदत्तीला किंवा वडगावच्या मंगाई यात्रेला गर्दीत नेताना पॉटी सोबत न्यायला लाजू नका. प्रवासात पाणी तोडू नका, शी घट्ट होते.

पुढची कातडी मागे जात नाही. आंघोळीत ओढून साफ करायला सांगतात.

ओढू नका. लहान मुलाची ती कातडी आत चिकटलेलीच असते आणि हळूहळू, कित्येक वर्षांत, आपोआप सुटते. जबरदस्तीनं ओढली की चिरते आणि मग खरा त्रास सुरू होतो. बाहेरून साध्या पाण्यानं धुवा. शू करताना कातडी फुगते पण दुखत नाही, धार नीट आहे, तर बहुतेकदा काळजी नसते. लाल झाली, पू आला, शू करताना रडला तर दाखवा.

डॉक्टरांकडे कधी न्यायचं?

धार कायम बारीक, थेंबथेंब किंवा जोर लावून येत असेल तर लगेच, मुलग्यांत लघवीच्या वाटेवर जन्मापासूनचा अडथळा असू शकतो. चड्डी कधीच कोरडी नसणं, शू करताना दुखणं, ताप आणि वास येणारी लघवी, शीत रक्त, आठवड्यात दोनदाच किंवा त्याहून कमी वेळा शी, कमरेच्या मणक्यावर खळगा किंवा केसांचा झुपका, चालण्यात फरक. एकाएकी खूप तहान आणि खूप लघवी, वजन उतरणं, हे मधुमेहाचं असू शकतं, त्यासाठी त्याच दिवशी जा. चार वर्षं झाली तरी दिवसा काहीच जमत नसेल तर शांतपणे एकदा तपासून घ्या. रात्री ढुंगण खाजवत असेल तर बहुधा जंत. त्याचं अल्बेंडाझोल हे औषध १ ते १९ वर्षांच्या मुलांना राष्ट्रीय जंतनाशक दिनी अंगणवाडीत आणि शाळेत फुकट देतात. १० फेब्रुवारीचा दिवस चुकवू नका.

अंगणवाडीत पाठवताना पिशवीत काय द्यायचं?

तीन चड्ड्या, एक बनियन, एक जुना सुती रुमाल, ओल्या कपड्यांसाठी वेगळी पिशवी. चड्डी इलॅस्टिकची हवी. नाडी, पट्टा, जीनची पँट, हुक यांतलं काही नको, त्याला ते वेळेत सुटत नाही. चड्ड्यांवर नाव लिहा. आणि घरची एक चड्डी अंगणवाडीतच ठेवून द्या, पिशवी विसरली तरी त्याला दुसऱ्याची घालावी लागणार नाही.